क्वेबेकचा कायदा, मुंबईचा तह आणि धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील ख्रिस्ती मंडळ्यांत मराठी, कन्नड, कोंकणी व इंग्रजी अशा अनेक भाषांतून परमेश्वराची उपासना होते. येथील ख्रिस्ती मनुष्य बहुधा दोन अर्थांनी अल्पसंख्य असतो. धर्माने तो अल्पसंख्य असतोच, आणि मराठी बोलणारा असल्यास भाषेनेही असतो. यामुळे एक प्रश्न येथील विद्यार्थ्यांच्या व पाळकांच्या मनात वारंवार उभा राहतो. कायद्याने आपल्याला जे संरक्षण दिले आहे, तो राज्यकर्त्यांचा अनुग्रह आहे की आपला हक्क आहे? अनुग्रह असेल तर तो काढून घेता येतो. हक्क असेल तर तो केवळ आपल्यापुरता असू शकत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना ब्रिटिश वसाहतींच्या इतिहासातील दोन घटना आम्हांस फार उपयोगी वाटतात. एक आपल्या घराजवळची, म्हणजे १६६१ सालच्या तहान्वये मुंबईच्या कॅथलिक रहिवाशांना मिळालेले धर्मस्वातंत्र्य. दुसरी दूर उत्तर अमेरिकेतील, म्हणजे १७७४ सालचा क्वेबेकचा कायदा व त्यावरून वसाहतवाल्यांत उसळलेला असंतोष. या दोहोंची तुलना करून आपल्या भागास त्यांतून काय घेता येईल, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१. मुंबईच्या तहातील कलम

२३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला. त्याच्या अकराव्या कलमान्वये मुंबईचे बंदर व बेट इंग्लंडच्या राजास मिळाले. त्याच कलमात अशी अट होती की, बेटावर राहू इच्छिणाऱ्या रहिवाशांना रोमन कॅथलिक धर्माचे आचरण पूर्वीप्रमाणे मोकळेपणे करता यावे. प्रत्यक्ष ताबा १६६५ साली हम्फ्री कूक याने घेतला, आणि १६६८ साली राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीस दिले.

या अटीचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळचे इंग्लंड डोळ्यांपुढे आणले पाहिजे. तेथे कॅथलिक धर्माचरण कायद्याने दंडनीय होते. १६७३ साली तर असा कायदा झाला की, सरकारी अधिकारपद घेणाऱ्याने प्रभुभोजनाविषयीचा कॅथलिक सिद्धांत नाकारल्याची जाहीर ग्वाही द्यावी. म्हणजे जो धर्म लंडनमध्ये गुन्हा होता, तोच मुंबईत तहाने रक्षिलेला होता. एकाच राजाच्या प्रजेला समुद्राच्या अलीकडे व पलीकडे निरनिराळा न्याय लागू होता. याचे कारण राजाचे मन विशाल झाले होते असे नव्हे. बेट हवे होते, आणि त्याची किंमत म्हणून ही अट मान्य करावी लागली होती.

तथापि धर्म रक्षिला म्हणजे सर्व काही रक्षिले असे झाले नाही. गव्हर्नर जेराल्ड आँजिये याने १६७२ साली पोर्तुगीज कायदा बंद करून इंग्रजी कायदा व न्यायालय सुरू केले. जमिनींविषयी मात्र त्याने रहिवाशांशी करार केला. जमीनधारकांनी मिळून वर्षास वीस हजार झेराफिन द्यावे आणि त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहाव्या, असे ठरले. मुंबईत धर्म व मालमत्ता राहिली, कायदा बदलला. हा भेद पुढे क्वेबेकच्या संदर्भात ध्यानात ठेवावयाचा आहे.

२. क्वेबेकची हकीकत

सेंट लॉरेन्स नदीकाठचा क्वेबेक प्रांत फ्रेंचांनी वसविलेला होता. १७५९ साली क्वेबेक शहर व १७६० साली माँट्रियल इंग्रजांच्या हाती पडले. १७६३ च्या पॅरिसच्या तहात तेथील रहिवाशांना कॅथलिक धर्माचे स्वातंत्र्य देण्यात आले, परंतु ते ग्रेट ब्रिटनचे कायदे जितके परवानगी देतील तितकेच. ब्रिटनचे कायदे तर जवळजवळ काहीच परवानगी देत नव्हते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तशातला हा प्रकार होता.

त्या प्रांतात साठ-सत्तर हजार फ्रेंचभाषी कॅथलिक होते. इंग्रज व्यापारी आणि त्यांचे कुटुंबीय काही शेकड्यांच्या घरात होते. या मूठभर लोकांची मागणी अशी की, येथे इंग्रजी कायदा चालावा व प्रतिनिधिसभा स्थापन व्हावी. परंतु इंग्रजी कायद्यातील शपथेमुळे त्या सभेत कॅथलिकांना बसता आले नसते. म्हणजे स्वातंत्र्याच्या नावाने मागितलेली ती सभा व्यवहारात अगदी थोड्यांची सत्ता ठरली असती. गव्हर्नर जेम्स मरे याने ही मागणी पुरविली नाही. व्यापाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि १७६६ साली त्यास परत बोलावण्यात आले. त्याच साली बिशप ब्रियाँ यांचा फ्रान्समध्ये अभिषेक होऊन ते क्वेबेकला परतले. सरकारने त्याकडे काणाडोळा केला. मरेनंतर आलेला गाय कार्लटन हाही याच मताचा निघाला की, बहुसंख्य रहिवाशांना संतुष्ट ठेवल्यावाचून हा प्रांत राखता येणार नाही.

यातून जून १७७४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने क्वेबेकचा कायदा केला. त्याची मुख्य कलमे अशी सांगता येतील. कॅथलिक धर्माचे आचरण राजाच्या अधिकारास अधीन राहून मोकळे झाले. धर्मगुरूंना त्यांचा रूढ दशांश घेण्याची मुभा मिळाली, पण तो केवळ कॅथलिकांकडूनच घ्यावयाचा होता. जुन्या शपथेऐवजी केवळ राजनिष्ठेची साधी शपथ ठरविण्यात आली, आणि त्यामुळे कॅथलिक मनुष्यास अधिकारपद घेता येऊ लागले. मालमत्ता व नागरी हक्क यांबाबत फ्रेंच कायदा आणि गुन्ह्यांबाबत इंग्रजी कायदा चालेल असे ठरले. प्रतिनिधिसभा मात्र दिली नाही. राजाने नेमलेले मंडळच कारभार पाहणार होते. शिवाय प्रांताची सीमा ओहायो व मिसिसिपी नद्यांपर्यंत वाढविण्यात आली.

ब्रिटनमधील कॅथलिकांना त्यांच्यावरील निर्बंधांतून पहिली थोडी सूट १७७८ साली मिळाली. तिच्याविरुद्ध १७८० साली लंडनमध्ये भयंकर दंगे झाले, आणि पार्लमेंटचे दार त्यांना उघडले ते १८२९ साली. या मानाने क्वेबेकचा कायदा आपल्या काळाच्या पुढे होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु धर्मसंघांच्या मालमत्तेस त्यात संरक्षण नव्हते. येशूसंघ १७७३ साली पोपच्या आज्ञेने विसर्जित झाला होता. क्वेबेकमधील त्याचा शेवटचा धर्मगुरू १८०० साली निवर्तल्यावर संघाच्या जमिनी सरकारजमा झाल्या.

३. वसाहतवाल्यांचा असंतोष

दक्षिणेकडील तेरा इंग्रज वसाहतींत या कायद्याने मोठा क्षोभ झाला. त्या असंतोषात तीन धागे एकत्र गुंतले होते, आणि ते वेगळे करून पाहिल्यावाचून त्याचा न्याय करता येत नाही. पहिला धागा जमिनीचा. ओहायोच्या खोऱ्यावर व्हर्जिनिया आदी वसाहतींचा डोळा होता, आणि तो प्रदेश क्वेबेकला जोडला गेला. दुसरा राज्यव्यवस्थेचा. जेथे प्रतिनिधिसभा नाही असा प्रांत शेजारी निर्माण झाला, उद्या आपलीही सभा जाईल, अशी भीती त्यांस वाटली. ही भीती निराधार नव्हती, कारण त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या सनदेवर पार्लमेंटने घाला घातला होता. तिसरा धागा धर्मद्वेषाचा. कॅथलिक धर्म म्हणजे जुलूम, असे समीकरण त्या प्रॉटेस्टंट समाजात लहानपणापासून शिकविले जात असे.

१७७४ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फिया येथे भरलेल्या काँग्रेसने २१ तारखेस ब्रिटनच्या जनतेस उद्देशून पत्र काढले. त्यात कॅथलिक धर्मास रक्तपाताचा व असहिष्णुतेचा दोष देऊन या कायद्याचा निषेध केला होता. पाचच दिवसांनी, २६ तारखेस, त्याच काँग्रेसने क्वेबेकच्या रहिवाशांस पत्र लिहिले, त्यांना आपल्या बाजूस येण्याचे आमंत्रण दिले, आणि स्वित्झर्लंडमध्ये कॅथलिक व प्रॉटेस्टंट प्रांत एकोप्याने नांदतात असा दाखलाही दिला. ही दोन्ही पत्रे क्वेबेकमध्ये वाचली गेली तेव्हा लोकांनी काय मानले असेल ते सांगावयास नको. १७७५ साली अमेरिकन सैन्य चालून आले, तेव्हा बहुतेक कॅनडावासी तटस्थ राहिले. बिशप ब्रियाँ यांनी राजनिष्ठेचे आज्ञापत्र काढले, आणि ३१ डिसेंबर १७७५ रोजी क्वेबेक शहरावरील हल्ला फसला.

आम्ही प्रॉटेस्टंट परंपरेतून आलेल्या वाचकांस येथे थांबण्याची विनंती करतो. स्वातंत्र्याची भाषा बोलणारे आपले पूर्वसुरी दुसऱ्याच्या उपासनेच्या स्वातंत्र्याने दुखावले, ही गोष्ट लपविण्यासारखी नाही. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की अनुभवाने त्यांनी धडा घेतला. नोव्हेंबर १७७५ मध्ये वॉशिंग्टनने आपल्या सैन्यात पोपची प्रतिकृती जाळण्याचा वार्षिक प्रघात बंद करविला. अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेत अधिकारपदासाठी धर्माची अट असू नये असे ठरले, आणि १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने धर्मस्वातंत्र्य सर्वांचे झाले.

४. मुंबईत काय झाले

मुंबईतील इंग्रज लोकांत असा धार्मिक क्षोभ का झाला नाही? कारण ते संख्येने थोडे, कंपनीचे चाकर व सभाविहीन होते. त्यांनी बंड केलेच नाही असे नव्हे. १६८३ च्या डिसेंबरात कॅप्टन रिचर्ड केग्विन याने किल्ला ताब्यात घेऊन कंपनीची सत्ता झुगारली. परंतु त्याचे मुख्य कारण खर्चातील व वेतनातील कपात हे होते. धर्माचा वाद मुंबईत वेगळ्या वाटेने शिरला, आणि ती वाट चर्चवर अधिकार कोणाचा, ही होती.

पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील चर्चचे पालकत्व पोपने दिले होते. त्यास पद्रोआदो म्हणत. १६२२ साली रोममध्ये धर्मप्रसाराचे स्वतंत्र खाते, म्हणजे प्रोपागांडा, स्थापन झाले, आणि त्याने नेमलेले धर्मगुरू व पद्रोआदोचे धर्मगुरू यांत तंटे सुरू झाले. मुंबईतील धर्मगुरू गोव्याच्या महागुरूंच्या आज्ञेत, आणि गोवा पोर्तुगालच्या राज्यात. कंपनीस हे परके हात वाटले. अठराव्या शतकाच्या प्रारंभी परळ येथील चर्च व जमीन सरकारजमा झाली. पुढे तेथे गव्हर्नरचे निवासस्थान झाले, आणि आज तेथे हाफकिन संस्था आहे. १७२० साली गव्हर्नर चार्ल्स बून याने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर घालविले आणि प्रोपागांडाच्या कार्मेलाईट धर्मगुरूंना, राजनिष्ठेची शपथ घेऊन, त्यांच्या जागी आणले.

तहाचा भंग झाला का? उपासना चालूच होती, म्हणून कंपनी म्हणे की नाही. पण उपासना कोणी चालवावी हे सरकारने ठरविले, म्हणून गोव्याचा पक्ष म्हणे की होय. १७८९ साली कंपनीने चर्चेस गोव्याच्या महागुरूंकडे परत दिली. १७९१ साली ती पुन्हा कार्मेलाईटांकडे सोपविली. अखेर १७९४ साली ती दोन पक्षांत वाटून दिली. एका बेटावर, एकाच धर्माच्या लोकांत, दोन अधिकार सुरू झाले. त्याची परिणती १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दिसली. तेथील पुष्कळ लोक पद्रोआदोकडे जाऊ इच्छीत होते. बिशप हार्टमन यांनी आपल्या पक्षाच्या लोकांसह स्वतःस चर्चमध्ये कोंडून घेतले, आणि शेवटी सरकारी दंडाधिकाऱ्याच्या हस्तक्षेपाने ते चर्च दुसऱ्या पक्षाच्या हाती गेले. हा दुहेरी अधिकार मुंबईत १९२८ च्या करारापर्यंत टिकला.

येथे मोठा बोध आहे. बाहेरच्या सत्तेने दिलेले स्वातंत्र्य आपल्या आतील कलहाने दुबळे होते. आपले तंटे मिटविण्यासाठी आपण दंडाधिकाऱ्यास चर्चच्या दारी बोलावतो, तेव्हा पुढे त्यास दाराबाहेर ठेवणे कठीण जाते.

५. बेळगाव प्रांत व ख्रिस्ती मनुष्याचा कायदा

क्वेबेकचा कायदा झाला त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १७७४ मध्ये, इंग्रजांनी मराठ्यांकडून साष्टी घेतली, आणि फार मोठी कॅथलिक प्रजा त्यांच्या राज्यात आली. बेळगावचा किल्ला १८१८ साली मन्रोच्या सैन्याने घेतला. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर येथे आले. कॅथलिक लोक मात्र गोव्याच्या महागुरूंच्या आज्ञेत राहिले. राहणे ब्रिटिश मुलखात आणि धर्माधिकारी पोर्तुगीज मुलखात, अशी त्यांची स्थिती होती. बेळगाव स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९५३ साली.

मुंबई इलाख्यात १८२७ च्या नियमांनी असे ठरले की, सरकारी कायदा नसेल तेथे देशरिवाज, तो नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्बुद्धी यांनी निवाडा करावा. तत्त्वतः हे क्वेबेकसारखेच होते. पण हिंदूचा कायदा कोणता व मुसलमानाचा कोणता हे जसे ठरलेले होते, तसे देशी ख्रिस्ती माणसाचे नव्हते. बल्लारीच्या अब्राहम कुटुंबाचा वाद याच कारणाने प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८६३ साली असा निकाल झाला की, ख्रिस्ती झालेल्या कुटुंबावर हिंदू कायदा बंधनकारक राहत नाही. ते जुना रिवाज चालू ठेवू शकते किंवा नवा स्वीकारू शकते, आणि ते कसे वागत आले हे पाहून न्यायालयाने ठरवावे. नंतर १८६५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती लोकांसाठी निश्चित नियम घालून दिला. तत्पूर्वी, १८५० च्या एकविसाव्या कायद्याने, धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये असे ठरले होते. त्यास त्या काळी पुष्कळांचा विरोध होता, हेही आपण विसरू नये.

वसाहतवाल्यांच्या असंतोषाचे भारतातील ठळक उदाहरण १८८३ चे. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन १८७४ साली कॅथलिक झाले होते, आणि त्यावरून त्यांच्या नेमणुकीस इंग्लंडमध्ये विरोधही झाला होता. त्यांच्या कारकीर्दीतील इल्बर्ट विधेयकाने मोफसिलमधील भारतीय न्यायाधीशांस युरोपीय आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार मिळणार होता. गोऱ्या लोकांनी इतका गदारोळ केला की, १८८४ साली निम्मे युरोपीय अथवा अमेरिकन पंच असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क त्यांस द्यावा लागला. शंभर वर्षांपूर्वी क्वेबेकच्या व्यापाऱ्यांचे जे मन होते, तेच येथे दिसते. दुसऱ्यास बरोबरीने वागविले की आपले काही हिरावले, असे ज्यांस वाटते, ते हक्काला विशेषाधिकार समजत असतात.

६. यातून काय घ्यावे

पौल प्रेषिताने फटके खाण्यापूर्वी आपल्या रोमी नागरिकत्वाची आठवण दिली आणि पुढे कैसराकडे दाद मागितली, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. यावरून कायद्याचा आधार घेणे हे विश्वासाच्या उणेपणाचे लक्षण नव्हे, हे स्पष्ट होते. पण पौलाचे नागरिकत्व सीलास सोडून केवळ त्याच्यासाठी नव्हते. फिलिप्पै येथे तो दोघांच्याही वतीने बोलला. हक्क मागताना सोबत्याचाही मागावा, ही त्यातील शिकवण आम्ही महत्त्वाची मानतो.

दुसरे असे की, तहाने वा राजाच्या मर्जीने मिळालेले स्वातंत्र्य एका समाजाचे असते, आणि म्हणून शेजाऱ्याच्या मनात त्याविषयी संशय राहतो. मुंबईचा तह कॅथलिकांपुरता होता. त्याच तहात हिंदू वा मुसलमान रहिवाशांच्या उपासनेविषयी शब्द नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जी घोषणा केली, तिने धर्मस्वातंत्र्याचा पाया मनुष्याच्या प्रतिष्ठेत शोधला आणि ते प्रत्येक व्यक्तीचे असल्याचे मानले. आपल्या राज्यघटनेचे पंचविसावे कलमही सर्व व्यक्तींविषयी बोलते. एकोणतिसावे व तिसावे कलम भाषिक व धार्मिक अल्पसंख्याकांना आपली संस्कृती व शाळा राखण्याचा अधिकार देतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अल्पसंख्य मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाचे ३५०-अ हे कलम घटनेत आले. या भागात त्याचा अर्थ काय, ते निराळे सांगावयास नको.

धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न आमच्या दारात किती जवळ येतो, याचेही उदाहरण ताजे आहे. धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक कर्नाटक विधानसभेने २३ डिसेंबर २०२१ रोजी बेळगाव येथील अधिवेशनातच संमत केले. २०२२ साली त्याचा कायदा झाला, आणि जून २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय नव्या मंत्रिमंडळाने घेतला. एका मंत्रिमंडळाने आणावे व दुसऱ्याने मागे घ्यावे, अशा दोलायमान स्थितीत आपला विश्वास टांगता राहू नये असे वाटत असेल, तर आपण आपल्यापुरते संरक्षण मागून भागणार नाही. कन्नड शेजाऱ्याच्या, मराठी शेजाऱ्याच्या, हिंदू, मुसलमान व जैन शेजाऱ्याच्या सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्यही तितक्याच आस्थेने आपण मागावयास हवे.

क्वेबेकच्या लोकांना काँग्रेसची दोन्ही पत्रे वाचावयास मिळाली होती. आपले शेजारीही आपण स्वतःविषयी काय बोलतो आणि त्यांच्याविषयी काय बोलतो, हे दोन्ही ऐकत असतात. त्या दोहोंत अंतर राहू नये, एवढी काळजी प्रत्येक मंडळीने घेतली तरी पुष्कळ झाले, असे आम्हांस वाटते.